मातीतले राखणदार

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज तुम्हांला एका शिकाऱ्याची हकिकत सांगणार आहे. हा शिकारी जाळे टाकतो, पण त्याला हात नाहीत. तो फास आवळतो, पण त्याला डोळे नाहीत. तो सावज खातो, पण त्याला तोंड नाही. हा उखाणा नव्हे, बरे का! असा शिकारी खरोखर आहे. तो तुमच्या रानात आहे, बांधावर आहे, उकिरड्यातही आहे. त्याचे नाव बुरशी.

बुरशी म्हटले की आपले तोंड वाकडे होते. शिळ्या भाकरीवर बुरशी येते. लोणच्यावर बुरशी आली की बरणी वाया जाते. ज्वारी काढणीला आली आणि पाऊस आला, तर कणसे काळी पडतात. तीही बुरशीच. म्हणून बुरशी म्हणजे नुकसान, असे आपण धरून चालतो.

पण गावात जशी चार तऱ्हेची माणसे असतात, तशाच बुरशीच्याही जाती. काही पिकाचा घात करतात. काही काडीकचरा कुजवतात आणि त्याचे खत करतात. आणि काही जाती मातीतल्या बारीक जंतांची शिकार करतात. आपण बोलणार आहोत त्या शेवटच्या जातींविषयी.

मात्र शिकारी पाहण्याआधी सावज पाहू. कारण हे सावज म्हणजे आपला मोठा चोर आहे.

न दिसणारा चोर

या चोराचे नाव सूत्रकृमी. शब्द जरा जड आहे. फोडून वाचू. सूत्र म्हणजे दोरा. कृमी म्हणजे जंत. दोऱ्यासारखा जंत, तो सूत्रकृमी.

त्याचा एक भाऊबंद जुन्या माणसांना चांगला माहीत आहे. तो म्हणजे नारू. पायाला फोड यायचा, फोड फुटायचा आणि त्यातून हातभर लांब पांढरा दोरा बाहेर पडायचा. महाराष्ट्रातही नारूचे रुग्ण होते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, त्यातून तो पसरायचा. लोक गाळलेले पाणी पिऊ लागले, विहिरी सुधारल्या, आणि नारू हटला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. हे कुणा एकाचे काम नव्हे. रोग कसा येतो हे लोकांना कळले, म्हणून तो गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला पुढे तिचा उपयोग आहे.

शेतातला सूत्रकृमी माणसाच्या अंगात शिरत नाही. तो पिकाच्या मुळात शिरतो. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बाजरीच्या एका दाण्याच्या लांबीत असे पाच-सहा जंत एकापुढे एक मावतील. त्याला गांडूळ समजू नका. गांडूळ वेगळे. गांडूळ आपला गडी आहे.

सगळेच सूत्रकृमी वाईट नसतात, हेही सांगून ठेवतो. मूठभर मातीत ते शेकडो, कधी हजारोही सापडतात. त्यांतले पुष्कळसे निरुपद्रवी असतात. ते कुजणाऱ्या पाल्यावरचे जिवाणू खाऊन राहतात. जिवाणू म्हणजे त्यांच्याहूनही बारीक जीव. पण काही जाती मुळांवर जगतात. त्यांतली सर्वांत त्रासदायक जात म्हणजे मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी.

त्याचे पिल्लू मुळाच्या कोवळ्या टोकातून आत शिरते. एका जागी ठाण मांडते. तिथून मुळाचा रस ओढते. मूळ त्या जागी सुजते आणि गाठ होते. आत मादी वाढते. ती दोऱ्यासारखी राहत नाही. सुरईसारखी फुगते आणि जागची हलत नाही. चिकट पुंजक्यात ती शेकडो अंडी घालते. जमीन उबदार असेल तर महिनाभरात नवी पिढी तयार होते. म्हणजे एका हंगामात किती वाढ होते, तुम्हीच हिशेब करा.

त्याला खायला दोन हजारांहून जास्त जातींची झाडे चालतात. वांगी, टोमॅटो, भेंडी, मिरची, काकडी, पपई, डाळिंब यांवर तो येतो. आपल्या बीड जिल्ह्यात रेशमासाठी तुती लावतात. तिच्या मुळांनाही तो धरतो. हलक्या, निचऱ्याच्या, मुरमाड जमिनीत त्याचा जोर जास्त.

तहान कुणाची, पाणी कुणाला?

आता हा चोर चोरी कशी करतो ते पाहा.

समजा, एका शेतकऱ्याने अर्धा एकर वांगी लावली. झाडे नीट वाढेनात. मधून मधून पाने पिवळी पडू लागली. भर दुपारी झाडे मान टाकत, संध्याकाळी पुन्हा उभी राहत.

घरधनीण म्हणते, “अहो, झाडं सुकायला लागली. पाणी कमी पडतंय.”

तो म्हणतो, “अगं, कालच तर भिजवलंय.”

तरी पण जीव राहत नाही. तो पुन्हा पाणी देतो. मग खताचे पोते आणून टाकतो. झाड आहे तसेच. कसे सुधारेल? माती ओली आहे, खतही आहे. पण मुळे गाठींनी भरलेली आहेत. त्यांना पाणी ओढताच येत नाही. रांजणाला भोक पडले आहे आणि आपण घागरीवर घागरी ओततो आहोत!

आपल्या भागात पाणी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ थोरांना आठवतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ तरुणांनीही पाहिले. टँकरने पाणी आणून लोकांनी फळबागा जगवल्या. अशा जिल्ह्यात रोग न ओळखता पाणी ओतणे म्हणजे दुहेरी मार. पीकही जाते आणि पाणीही जाते.

म्हणून झाड दुपारी मान टाकू लागले आणि माती ओली असली, तर आधी एक झाड मुळांसकट उपटून पाहा. मुळे पाण्यात धुवा. मग नीट बघा.

इथे एक घोटाळा होतो. तूर, हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवरही गाठी असतात. त्या गाठी चांगल्या. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. मग चांगली गाठ कोणती आणि वाईट गाठ कोणती? ओळख सोपी आहे. चांगली गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते. बोटाने ढकलली की निघते. फोडली तर आत लालसर दिसते. सूत्रकृमीची गाठ वेगळी. तिथे मूळच सुजलेले असते. ती सुटी निघत नाही. काढायला गेले तर मूळच तुटते.

ही ओळख घरातल्या बायांनी जरूर करून घ्यावी. खुरपताना, रोपे उपटताना मुळे आधी त्यांच्याच हाती येतात.

राखणदार कसा शिकार करतो

आता आपल्या शिकाऱ्याकडे वळू.

बुरशीचे अंग म्हणजे बारीक तंतूंचा पसारा. कापसाच्या तंतूहूनही ते बारीक असतात. मातीत, कुजणाऱ्या पाल्यात ते चहूकडे पसरतात. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले तर या तंतूंवर सापळे लावलेले दिसतात. सापळ्यांच्या तऱ्हा निरनिराळ्या.

पहिली तऱ्हा जाळ्याची. बुरशी आपले तंतू वळवून वेटोळी करते. वेटोळ्यात वेटोळे गुंफून जाळे तयार होते. त्याला चिकट रस असतो. जंत तिथून जाऊ लागला की चिकटतो. सुटायला धडपडतो आणि जास्तच गुंततो. असे जाळे लावणाऱ्या एका बुरशीचे नाव आर्थ्रोबॉट्रिस. नाव पाठ करू नका, काम ध्यानात ठेवा.

दुसरी तऱ्हा चिकट गोळीची. तंतूला बारीक देठ फुटतो. देठाच्या टोकाला चिकट गोळी असते. जंताचे अंग तिला लागले की संपले.

तिसरी तऱ्हा फासाची. तिचे नवल तर फारच मोठे! तीन पेशी जोडून एक कडे तयार होते. पेशी म्हणजे जिवाच्या शरीराची वीट. आपले अंगही अशाच विटांनी बांधलेले आहे. जंत वळवळत या कड्यात शिरतो. त्याचा स्पर्श होताच तिन्ही पेशी आतल्या बाजूला टरारून फुगतात. एका सेकंदाचे दहा भाग करा. त्यांतल्या एका भागात फास आवळला जातो. आपली पापणी लवण्याच्या आत काम झाले!

सावज सापडले की बुरशीचा तंतू त्याच्या कातडीला भोक पाडून आत शिरतो. आत तो पसरतो आणि जंताचे अंग पचवून टाकतो. एक-दोन दिवसांत मागे नुसती रिकामी कातडी उरते.

तुम्ही विचाराल, “डोळे नाहीत, तर जंत आल्याचं बुरशीला कळतं कसं?”

वासाने कळते, असे म्हणू. सूत्रकृमी आपल्या अंगातून काही द्रव्ये सोडतात. एकमेकांना निरोप द्यायची ती त्यांची रीत. बुरशी हा निरोप चोरून ऐकते. जंत जवळ आहेत असे कळले की सापळे बांधायला लागते. जंत नसतील तर उगीच कष्ट घेत नाही. उलट, ती स्वतःही असे वास सोडते की जंताला वाटावे, इथे खायला आहे, इथे जोडीदार आहे. तो आपल्या पायाने फासात येतो. पाय नसले तरी!

ही शिकार पहिल्यांदा नीट पाहिली ती १८८८ साली, जर्मनीतल्या झॉप्फ नावाच्या शास्त्रज्ञाने. पण शिकार फार जुनी आहे. फ्रान्समध्ये झाडाच्या गोठून दगड झालेल्या राळेत अशी एक बुरशी सापडली. तिचे फास आणि जंत दोन्ही त्या राळेत जसेच्या तसे राहिले होते. ती राळ सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीची. त्या काळी माणसाचा पत्ताही नव्हता. नांगर नव्हता, पेरणी नव्हती. तेव्हापासून हे राखणदार जागे आहेत.

कडबा आणि पेंड

बुरशी पाला-काडी कुजवून जगते, मग तिला शिकार कशाला हवी? हे समजले तर पुढचे सगळे समजेल.

बैलाला वर्षभर नुसता कडबा घाला. पोट भरेल, पण अंग धरणार नाही. त्याला सरकीची पेंड लागते. बुरशीचेही तसेच आहे. वाळकी काडी हा तिचा कडबा. त्याने पोट भरते. पण अंग वाढवायला नत्र लागतो आणि काडीत तो थोडा असतो. जंताच्या अंगात तो भरपूर असतो. म्हणजे जंत ही बुरशीची पेंड झाली. कडबा खाऊन ती जगते आणि पेंडीसाठी शिकार करते.

आता यातून एक गोष्ट निघते. रानात कडबाच नसेल, तर राखणदार राहील कशावर? ज्या जमिनीत काडीकचरा पडत नाही, शेणखत पडत नाही, तिथे ही बुरशी उपाशी राहते. मग जंताला मोकळे रान मिळते.

यावर पूर्वी एक चांगला प्रयोग झाला. हवाई नावाची बेटे आहेत, फार दूर, प्रशांत महासागरात. तिथे अननसाच्या बागा होत्या आणि मुळांवरच्या गाठींनी लोक बेजार झाले होते. लिनफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने अननसाचा हिरवा पाला बारीक करून मातीत मिसळला. १९३७ साली त्याने आपले काम जगापुढे मांडले. पाला कुजू लागला तसे जिवाणू वाढले. जिवाणू खाणारे गरीब जंत वाढले. जंत वाढले तसे शिकारी बुरशीला सुगीचे दिवस आले. आणि शिकारी वाढल्यावर चोर जंतही कमी झाले. त्याने त्याच मातीत चवळी लावून पाहिली. तिच्या मुळांवर गाठी कमी आल्या.

पाहा, त्याने बाहेरून राखणदार आणला नाही. होता त्याच राखणदाराला पोटभर खायला घातले.

राखणदारावर किती भार टाकावा?

पण मी तुम्हांला एकच बाजू सांगितली, तर ते बरे होणार नाही.

हवाईनंतर असे प्रयोग पुष्कळांनी केले. कुठे साधले, कुठे नाही. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस या बुरशी तयार करून बाजारातही आणल्या. एक अळिंबीच्या वाफ्यांसाठी होती, एक टोमॅटोसाठी. जंत थोडे असताना त्यांचा उपयोग झाला. फार वाढल्यावर त्या पुऱ्या पडेनात.

असे का होते? त्याची तीन कारणे आहेत. एक, चोर जंताचे पिल्लू अंड्यातून निघाले की झटपट मुळात शिरते. आत गेल्यावर बाहेरचा सापळा त्याचे काय करणार? दोन, बाहेरून आणलेली बुरशी मातीत टिकेलच असे नाही. तिथले जुने रहिवासी तिला जागा देत नाहीत. तीन, बुरशीला आयते खायला भरपूर मिळाले तर ती शिकारीचा कंटाळा करते. भरल्या पोटी कोण धडपडणार?

म्हणून कुणी तुम्हांला म्हणाला, “ही बाटली ओता, आठ दिवसांत जंत नाहीसा,” तर त्याचे ऐकू नका.

दुकानात आज ज्या बुरशी मिळतात, त्यांत पॅसिलोमायसिस नावाची एक असते. ती फास लावत नाही. ती जंताची अंडी खाते. चोर घरात शिरण्याआधी त्याचा वंश कमी करते. ट्रायकोडर्माही मिळतो. त्याचा मुख्य उपयोग मुळे कुजवणाऱ्या रोगांवर होतो, आणि जंतावरही थोडी मदत होते. या पुड्यांत जिवंत बुरशी असते. उन्हात ठेवली की ती मरते. मुदत संपली की तिचा उपयोग नाही. बुरशीनाशक औषधाबरोबर मिसळली तर आपणच आपला राखणदार मारतो.

तेव्हा पुडी घेताना तिच्यावरची तारीख वाचा. पीक कोणते, प्रमाण किती, तेही वाचा. काल-परवापर्यंत हे दुसऱ्याला विचारावे लागत होते. आता तुम्हांला वाचता येते. या वर्गात घालवलेल्या रात्रींचा हा रोकडा नफा आहे.

आणि जमिनीत विष टाकण्याविषयी दोन शब्द. पूर्वी फोरेटसारखी जहाल दाणेदार औषधे मातीत सर्रास टाकत. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात पुरी बंदी आहे. कुठे जुना साठा दिसला तरी हात लावू नका. विष चोर आणि राखणदार यांत भेद करत नाही. तुतीच्या रानात तर फारच जपावे. पाल्यातून विष गेले तर रेशमाच्या अळ्या मरतात.

आपण काय करावे?

आता कामाचे बोलू.

पहिले, रोप निरोगी आणा. चोर बहुतेक वेळा रोपांच्या पिशवीतूनच आपल्या रानात येतो. डाळिंबाचे, तुतीचे, भाजीचे रोप घेताना दोन-चार रोपांची मुळे उघडून पाहा. गाठी दिसल्या तर रोपे फुकट मिळाली तरी घेऊ नका. बाग एकदा बिघडली की वर्षानुवर्षे निस्तरावे लागते. डाळिंबाची मर, म्हणजे झाड उभे वाळणे, तीही या जंताने जखमी केलेल्या मुळांत जास्त बळावते.

दुसरे, उन्हाला कामाला लावा. आपल्याकडे पाऊस कमी, पण ऊन भरपूर. एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करा आणि रान तापू द्या. रोपवाटिकेचा वाफा भिजवा. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरा. कडा मातीने दाबा. चार ते सहा आठवडे तसेच ठेवा. आतली माती तापते आणि जंत व अंडी मरतात. मागून त्या वाफ्यात चांगले कुजलेले खत घाला, म्हणजे राखणदार पुन्हा वस्तीला येतील.

तिसरे, तेच ते पीक घेऊ नका. वांग्यामागे टोमॅटो, टोमॅटोमागे भेंडी, असे केले तर चोराला बारमाही पंगत मिळते. मध्ये झेंडू लावा. झेंडूच्या मुळांतून निघणारे द्रव्य या जंताला मारक असते. दसऱ्याला फुले विकली जातात, ते वेगळेच.

चौथे, निंबोळ्या वाया घालवू नका. पावसाळ्याच्या तोंडी लिंबाखाली सडा पडतो. त्या गोळा करा. निंबोळी पेंड मातीत मिसळली की जंताला ती सोसत नाही, आणि खतही होते.

पाचवे आणि मोठे, राखणदाराला उपाशी ठेवू नका. आपल्यातली कित्येक माणसे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पाचट पेटवलेले तुम्ही पाहिले असेल. ते नुसते पाचट जळत नाही. जमिनीचा कडबा जळतो. पाचट, पाला, धसकटे जाळू नका, कुजवा. नुसती वाळकी काडी गाडली तर ती पिकाचा नत्र ओढते. म्हणून तिच्यावर शेणकाला टाका, ओल ठेवा, कुजू द्या, मग रानात घाला. आपल्या कडक उन्हात जमिनीतले कुजके खत लवकर संपते. म्हणून दरसाल थोडे थोडे घातले पाहिजे.

आणि शंका आली तर तपासणी करून घ्या. झाडाच्या मुळांजवळची वीतभर खोलीची ओलसर माती पाच-सहा ठिकाणांहून घ्या. थोडी बारीक मुळेही घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून सावलीत ठेवा. माती वाळवू नका. वाळली तर जंत मरतात आणि तपासणी फसते. नमुना लवकर पोहोचवा. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला आणि गेवराई तालुक्यातल्या खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीला कृषी विद्यापीठ आहे. ते १९७२ साली स्थापन झाले. तिथे जाऊन विचारायला लाजू नका. ती केंद्रे आपल्यासाठीच आहेत.

शेळी आणि धिंगरी

जाता जाता दोन गमतीच्या पण उपयोगाच्या गोष्टी सांगतो.

शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जंत होतात, हे सर्वांना माहीत आहे. तेही सूत्रकृमीच. लेंडीतून त्यांची अंडी पडतात. पिल्ले निघून गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. डडिंगटोनिया नावाची एक शिकारी बुरशी आहे. तिची बीजे शेळीने खाल्ली तरी पोटात मरत नाहीत. ती लेंडीबरोबर बाहेर येतात, रुजतात आणि लेंडीतच जाळे लावून पिल्लांना पकडतात. ऑस्ट्रेलियात ही बीजे जनावरांच्या खाद्यातून देण्यासाठी बाजारात आली आहेत. पोटात आधीच असलेले जंत मात्र तिने जात नाहीत. त्यासाठी डॉक्टरांना विचारून औषध पाजलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट धिंगरी अळिंबीची. गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या काडावर पुष्कळ महिला गट ती पिकवतात. काडात पसरलेले तिचे तंतूही शिकारी आहेत! त्यांच्यावर विषाचे सूक्ष्म फुगे असतात. जंताचा स्पर्श झाला की तो काही मिनिटांत लुळा पडतो. मग धिंगरी त्याला पचवते. तैवानच्या शास्त्रज्ञांनी हे विष कोणते ते २०२३ साली दाखवून दिले. भिऊ नका, आपण खातो ती छत्री चांगली असते. तिचे पीक निघाल्यावर उरलेले काड फेकू नका. कुजवून खत करा. पण रानातली अनोळखी कुत्र्याची छत्री मात्र कधी खाऊ नका. तिने जीव जातो.

मंडळी, नारूची गोष्ट ध्यानात ठेवा, असे मी म्हणालो होतो. नारू कसा पसरतो हे लोकांना कळले. मग फडक्याने पाणी गाळण्यासारखी साधी गोष्टही हत्यार झाली. शेतातल्या सूत्रकृमीचेही तसेच आहे. तो देशातून जाणार नाही, पण आपल्या रानात त्याला आवरता येईल. मूळ उपटून पाहणे, रोप तपासून घेणे, पाचट न जाळणे, ही आपली साधी हत्यारे. यांना पैसा थोडा लागतो, नजर जास्त लागते.

मातीतले राखणदार पगार मागत नाहीत. ओली माती आणि कुजका पाला एवढेच मागतात. तेवढे त्यांना देऊ या.

रामराम.

वाचा, विचार करा, सांगा

१. सूत्रकृमी या शब्दाचा अर्थ काय?

२. भुईमुगाच्या मुळांवरची गाठ आणि वांग्याच्या मुळांवरची गाठ यांत फरक कसा ओळखाल?

३. माती ओली असूनही झाड दुपारी सुकते. आधी काय कराल?

४. पाचट जाळले तर मातीतल्या राखणदारांचे काय होते?

५. घरी औषधाची किंवा बियाण्याची पुडी असेल तर ती वर्गात आणा. तिच्यावरची तारीख आणि प्रमाण मोठ्याने वाचून दाखवा.